काजूच्या बोंडांची मिश्र सरबते : स्वाद, टिकाऊपणा आणि आंबण्याचे शास्त्र

फेब्रुवारी उलटला की सिंधुदुर्ग व रत्नागिरी या जिल्ह्यांतील डोंगरउतारावर काजूच्या बागांत वेचणीस प्रारंभ होतो आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत ती चालू राहते. वेचणारी माणसे बी पिळून काढून टोपलीत टाकतात व बोंड तेथेच झाडाखाली सोडून देतात. एक किलो बी मिळविताना वजनाने तिच्या सहा ते आठ पट बोंडे हाती आलेली असतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याने हंगामात पाच क्विंटल बी विकले, त्याच्या बागेत तीस ते चाळीस क्विंटल फळ कुजून गेले असा त्याचा अर्थ होतो. काही गुरे खातात, काही मुले खातात, उरलेल्यावर माशा बसतात.

हे फळ टाकाऊ आहे म्हणून टाकले जाते असे मात्र नाही. त्याच्या रसात दहा ते बारा टक्के साखर असते आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. ते टाकले जाण्याची कारणे दोनच आहेत. एक, ते खाल्ल्यावर घशास खवखव सुटते. दुसरे, ते टिकत नाही. सकाळी पडलेले बोंड दुसऱ्या दिवशी आंबूस वास देऊ लागते. या दोन्ही अडचणींवर घरगुती उपाय आहेत. ते नीट समजून घेतल्यास बोंडांच्या रसाला आले, कोकम, करवंद, कैरी अशा कोकणातल्याच पदार्थांची जोड देऊन उत्तम सरबते करता येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एप्रिलच्या आरंभी निदान एका वाडीत तरी याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

रस का आंबतो

प्रथम आंबण्याचा विचार केला पाहिजे, कारण घरी सरबत करणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच होते. उत्साहाने बाटल्या भरून फळीवर मांडल्या जातात. आठ-दहा दिवसांनी एखाद्या बाटलीचे बूच आपोआप वर उचलले जाते; एखादी रात्री फुटते आणि सकाळी भिंतीवर चिकट ओघळ दिसतात. मग ‘बोंडाचा रस उष्ण असतो’ असा निष्कर्ष काढून त्या घरात पुन्हा कोणी सरबताचे नाव काढीत नाही. वास्तविक यात उष्णतेचा काहीही संबंध नाही.

पिकलेल्या प्रत्येक फळाच्या सालीवर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. त्यांनाच किण्व असे म्हणतात. फळ अखंड असेपर्यंत त्यांना आतील साखरेपर्यंत पोचता येत नाही. फळ फुटले किंवा पिळले की ते रसात उतरतात, साखर खाऊन झपाट्याने वाढतात आणि तिचे दोन पदार्थांत रूपांतर करतात : मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू. हे काम सजीव किण्वच करतात, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिली. एक ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली तर सुमारे पाव लिटर वायू तयार होतो. एक लिटर बोंडरसातील साखर शंभर ग्रॅमहून अधिक असते; म्हणजे तेवढ्या रसातून पंचवीस लिटरांहून अधिक वायू बाहेर पडू शकतो. एवढा वायू बंद बाटलीत कोंडला गेल्यावर ती फुटावी यात नवल नाही.

तोच रस उघडा राहिला तर तो आधी फेसाळतो, मग त्याचा गोडवा जाऊन तो मादक होतो आणि पुढे हवेतील दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करून टाकतात, म्हणजे शिरका होतो. शेजारच्या गोव्यात याच रसापासून परवानाधारक भट्ट्यांवर हुर्राक व फेणी गाळली जाते. गोव्याच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. साहजिकच काही शेतकरी विचारतात की, रस आपोआप आंबतोच आहे तर त्याचे फळमद्यच का करू नये? त्यास उत्तर असे की महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून परवान्याशिवाय मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरापुरते का असेना. शिवाय आपोआप आंबलेल्या रसात कोणते जीव वाढले यावर कोणाचेही नियंत्रण नसते. परवाना घेऊन फळमद्याचा कारखाना काढणे हा निराळा, भांडवलाचा व्यवसाय आहे. घरच्या घरी करावयाचे ते सरबत, आणि सरबत करणाऱ्याचे मुख्य काम म्हणजे किण्वांना काम करू न देणे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील प्रत्येक कृतीचे कारण आपोआप कळेल.

बोंडांची निवड व रस काढणे

जमिनीवर आपटून फुटलेले बोंड रसास घेऊ नये. सरबतासाठी झाडाखाली जुनी जाळी किंवा वाळलेल्या गवताचा जाड थर पसरावा, अथवा पूर्ण पिकलेली बोंडे हातानेच उतरवावीत. कच्चे बोंड अधिक तुरट असते. वेंगुर्ला-४ या जातीचे बोंड लाल व वेंगुर्ला-७ चे पिवळे असते. दोन्ही चालतात, मात्र एका वेळी एकाच रंगाची घेतल्यास सरबताचा रंग एकसारखा येतो. बी पिळून काढताना तिच्या टरफलास इजा होऊ देऊ नये. टरफलातील तेल अत्यंत दाहक असते आणि त्याचा थेंब रसात पडला तर सगळा रस वाया जातो. बी काढणारी व रस काढणारी माणसे निराळी असावीत हे उत्तम. निदान हात साबणाने धुतल्यावाचून बोंडास हात लावू नये.

बोंडे उतरविल्यापासून चार तासांच्या आत रस काढावा. सकाळी लवकर वेचून न्याहारीनंतर कामास लागणे हा सर्वांत सोयीचा क्रम होय. बोंडे दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावीत, दोन्ही टोके कापून टाकावीत, फोडी कराव्यात आणि स्टेनलेस स्टीलच्या किंवा लाकडी दाबयंत्रात पिळाव्यात. यंत्र नसल्यास जाड धुवट कापडात बांधून पिळले तरी चालते. अशा वेळी एक किलो बोंडांपासून साधारण अर्धा लिटर रस मिळतो. लोखंडी विळी, लोखंडी कढई किंवा कल्हई नसलेले तांब्यापितळेचे भांडे यांचा स्पर्श रसास होऊ देऊ नये. बोंडातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळे पडते आणि तांबे आंबट रसात उतरते.

खवखव घालविण्याचा उपाय

घशाची खवखव याच टॅनिनमुळे होते. टॅनिनचा गुणच असा आहे की ते लाळेतील प्रथिनांना घट्ट धरते. त्यामुळे तोंडाचा ओलसरपणा जाऊन आतून आवळल्यासारखे वाटते. ते पिष्टमय पदार्थांनाही तसेच धरते, आणि या गुणाचाच उपयोग करून त्यास रसातून बाहेर काढता येते.

एक लिटर रसास पाच ग्रॅम साबुदाणा घ्यावा. तो दळून थोड्या पाण्यात शिजवावा व पातळ खळ करावी. खळ पूर्ण थंड झाल्यावर रसात घालून चांगली ढवळावी आणि भांडे गार पाण्याच्या परातीत सावलीत ठेवून द्यावे. पाहता पाहता रसात बारीक गुठळ्या दिसू लागतात व हळूहळू तळाशी बसतात. दोन ते चार तासांत वर निवळ, फिकट रस येतो. तो तळ न हलविता ओतून घ्यावा व कापडातून गाळावा. साबुदाणा नसल्यास भाताची निथळ पेज, लिटरमागे सव्वाशे मिलिलिटर, या प्रमाणात वापरता येते. पेजेत मीठ असू नये. खळ गरम असताना घालण्याची चूक बरेचजण करतात. तसे केले तर रस गढूळच राहतो आणि शिजल्यासारखा वास येतो.

प्रात्यक्षिकाच्या वेळी निवळण्यापूर्वीचा व निवळल्यानंतरचा रस दोन वेगवेगळ्या पेल्यांत देऊन घरातील वडीलधाऱ्या माणसांना चाखावयास द्यावा. व्याख्यानाने जे पटत नाही ते या दोन घोटांत पटते.

निवळलेला रस लगेच मंद आचेवर ठेवावा. कडेने बारीक बुडबुडे येऊन भरपूर वाफ निघू लागली, म्हणजे सुमारे ८५ अंश सेल्सिअस झाले, की पाच मिनिटे तसाच ठेवून उतरवावा. खळखळून उकळू देऊ नये. या उष्णतेने रसातील किण्व मरतात. थोडे ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते खरे, परंतु उरते तेही पुष्कळ असते.

मूळ प्रमाण

सर्व मिश्रणांचा पाया एकच आहे. निवळ रस १ लिटर, साखर १ किलो ७०० ग्रॅम, पाणी सव्वा लिटर आणि लिंबूसत, म्हणजे सायट्रिक आम्ल, ४० ग्रॅम. साखर, पाणी व लिंबूसत एकत्र करून एक उकळी आणावी, कापडातून गाळावे आणि थंड होऊ द्यावे. मग त्यात थंड झालेला रस मिसळावा. हे मिश्रण सुमारे चार किलो भरते. त्यात रस पंचवीस टक्के व साखर पंचेचाळीस टक्के येते. अन्नविषयक नियमांनुसार स्क्वॅश म्हणून विकावयाच्या पेयात फळाचा रस किमान २५ टक्के व विद्राव्य घटक किमान ४० टक्के असावे लागतात. त्या दृष्टीनेही हे प्रमाण योग्य आहे. पिताना एक भाग सरबतास तीन भाग गार पाणी घालावे. दोन किलो बोंडांपासून अशा रीतीने साठ पेले सरबत होते.

साखर अधिक असली की टिकाऊपणा अधिक, असा सर्वसाधारण समज आहे व तो खराच आहे. साखर पाण्यास धरून ठेवते आणि किण्वांना पाणी मिळू देत नाही. परंतु त्यासाठी ती पासष्ट टक्क्यांच्या पुढे, म्हणजे पाकाइतकी दाट असावी लागते. पंचेचाळीस टक्क्यांनी काम भागत नाही. म्हणून येथे परिरक्षक घालणे आवश्यक आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे पांढरे चूर्ण वरील चार किलो मिश्रणास फक्त २.४ ग्रॅम लागते. एवढेसे चूर्ण चमच्याने अंदाजे घालणे धोक्याचे. कमी पडले तर सरबत आंबते, जास्त झाले तर गंधकाचा उग्र वास येतो व ते आरोग्यासही अपायकारक ठरते. यास सोपी युक्ती अशी : सोनाराच्या काट्यावर दहा ग्रॅम चूर्ण तोलून घ्यावे, ते थोड्या पाण्यात विरघळवून पाण्याने बरोबर शंभर मिलिलिटर करावे आणि त्यातील चोवीस मिलिलिटर औषधाच्या मापाने मिश्रणात घालावे. हे द्रावण त्याच दिवशी वापरून संपवावे, कारण त्यातील वायू उडून जातो. त्याच कारणाने ते गरम मिश्रणात कधीही घालू नये. दमेकरी व्यक्तींना या परिरक्षकाचा त्रास होऊ शकतो, हे बाटलीवर लिहिलेले असावे.

स्वादांची जोड

नुसत्या बोंडरसाचे सरबत चांगले लागते, पण त्याचा वास सर्वांनाच रुचतो असे नाही. हा वास फार तीव्र व काहीसा गोडसर-उग्र असतो. त्यास झाकण्यापेक्षा त्याच्या तोडीचा दुसरा स्वाद शेजारी आणून बसविणे अधिक बरे.

आल्याची जोड सर्वांत सोपी आणि नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. ताजे आले किसून पिळावे, रस अर्धा तास स्थिर ठेवून तळाशी बसलेले पांढरे पिष्ट टाकून द्यावे आणि वरचा रस लिटरमागे तीस मिलिलिटर घालावा. आल्याचा तिखटपणा बोंडाचा उग्रपणा मागे सारतो.

कोकमाची जोड रंगास व चवीस अप्रतिम. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, तेव्हा बोंडांचा शेवटचा बहर हाती असतोच. ताज्या साली थोड्या पाण्यात कोमट करून पिळाव्यात. पाऊण लिटर बोंडरसास पाव लिटर कोकमाचा रस घ्यावा व लिंबूसत निम्मे, म्हणजे वीस ग्रॅम करावे; नंतर चव पाहून हवे तर वाढवावे. घरातील आगळ यासाठी चालणार नाही, कारण त्यात मीठ असते. येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. कोकमाचा लाल रंग मेटाबायसल्फाइटने उडतो. असे झाले की चूक कोकमाची समजली जाते. लाल-जांभळ्या रंगाच्या सर्व मिश्रणांत त्याऐवजी सोडियम बेंझोएट, चार किलोस २.८ ग्रॅम, वर सांगितल्याच पद्धतीने द्रावण करून अठ्ठावीस मिलिलिटर घालावे. दोन्ही परिरक्षके एकाच बाटलीत घालू नयेत.

करवंदांचेही तसेच. पूर्ण पिकून काळी झालेली करवंदे थोड्या पाण्यात मऊ शिजवून कापडातून गाळावीत. त्यांचा चीक चोथ्यासह मागे राहतो. तीन भाग बोंडरस व एक भाग करवंदाचा रस यांचे सरबत दाट जांभळे होते आणि मुलांना अतिशय आवडते. यासही बेंझोएटच वापरावे.

कैरीचा उकडलेला गर पाव भाग घालून वर वेलदोड्याची चिमूटभर पूड टाकली तर पन्ह्याचा व बोंडाचा स्वाद एकत्र येतो. मात्र गरामुळे हे सरबत निवळ राहत नाही. तळाशी साका बसतो. विक्रीपेक्षा ते घरी पाहुण्यांसाठी ठेवावे.

जांभळाची जोड देण्याचा मोह अनेकांना होतो. ती टाळावी हे बरे. जांभूळ स्वतःच तुरट आहे; मोठ्या श्रमाने बोंडाचा तुरटपणा काढावयाचा आणि पुन्हा मागच्या दाराने तो आत घ्यावयाचा, यात शहाणपण नाही.

याउलट एक जोड ऐकून नवल वाटेल अशी आहे, ती तिरफळाची. कोकणात तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात पडते. सरबतात त्याची कल्पना कोणी केलेली नसते. परंतु त्याच्या वाळलेल्या सालीस लिंबाच्या जातीचा सुरेख वास असतो. आतील काळे बी काढून टाकावे, चार-पाच साली कापडाच्या पुरचुंडीत बांधून साखरेच्या गरम पाकात दहा मिनिटे ठेवाव्यात व पुरचुंडी काढून घ्यावी. याहून अधिक वेळ ठेवल्यास जीभ बधिर होते. वाडीतल्या बायकांना हा प्रयोग सांगितला असता त्या प्रथम हसतात. चाखल्यावर प्रमाण विचारतात.

नवी जोड करून पाहावयाची असेल तर सगळा रस एकदम पणास लावू नये. मूळ सरबताचे पाच पेले घ्यावेत, पाणी घालून पिण्याइतके पातळ करावेत आणि प्रत्येकात नव्या स्वादाचे प्रमाण थोडेथोडे वाढवीत जावे. दाट सरबत चाखून ठरविलेले प्रमाण नेहमी चुकते, कारण साखर तिखटपणा व कडवटपणा दोन्ही लपविते. पसंत पडलेले मिश्रण एका लहान बाटलीत पंधरा दिवस ठेवून पुन्हा चाखावे. आले काहीसे मवाळ होते, मसाल्याचा वास मात्र वाढतो. प्रमाण वहीत लिहून ठेवावे. पुढील हंगामापर्यंत ते कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

बाटल्या

बाटल्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. बुचेही तशीच उकळावीत. बाटली भरताना वर एक इंच जागा सोडावी. जुनी लाकडी बुचे पुन्हा वापरू नयेत, त्यांच्या छिद्रांत किण्व दडून बसतात. भरलेल्या बाटल्या काळोख्या, थंड जागी आडव्या न ठेवता उभ्या ठेवाव्यात व त्यांवर तारीख आणि मिश्रणाचे नाव लिहावे. आठवड्यातून एकदा प्रकाशासमोर धरून पाहावे. बारीक बुडबुड्यांची रांग वर चढताना दिसली, बूच उचललेले आढळले किंवा उघडताना फस्स आवाज आला तर ते सरबत आंबू लागले आहे असे समजावे. अशी बाटली तोंडापासून दूर धरून, वरून जाड ओले फडके टाकून उघडावी व ओतून द्यावी. ‘थोडेसेच आंबले आहे’ म्हणून उकळून पुन्हा भरू नये, विकू तर मुळीच नये. त्यात मद्यार्क आलेला असतो, आणि मुलांच्या हाती ते पडू देणे कोणत्याही दृष्टीने क्षम्य नाही.

ज्या महिला गटांस सरबत विकावयाचे असेल त्यांनी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आधी नोंदणी करून घ्यावी. बाटलीवर घटक, परिरक्षकाचे नाव, वजन व दिनांक असावा. जातींची व प्रक्रियेची माहिती वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात मिळते; हे केंद्र १९५७ पासून काजूवर काम करीत आले असून आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आहे.

रस काढून उरलेला चोथा परसात ढीग करून ठेवला तर एका दिवसात त्यास आंबूस वास सुटतो व माशांचा उपद्रव होतो. तो त्याच सायंकाळी कंपोस्टच्या खड्ड्यात न्यावा. खाली वाळलेल्या पाल्याचा वीतभर थर, त्यावर चोथ्याचा चार बोटे थर, वर शेणकाला आणि मूठभर माती, अशा क्रमाने भरीत जावे. चोथा ओला असतो म्हणून पाला सढळ हाताने घालावा, नाहीतर खड्ड्यात पाणी साचून घाण सुटते.